अण्णांचा ट्रान्सफॉर्मर: भांडुप ते निळी प्रत

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर दीड वर्षाने, २ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी, आम्ही भांडुपचा कारखाना उघडला. एल. बी. एस. मार्गापासून आत, पत्र्याच्या छपराचा, स्प्रिंगा बनवायचा छोटा कारखाना. २०१९ पासून बंदच होता. जागा विकायची ठरली होती आणि घेणाऱ्याची एकच अट होती, आत एक खिळासुद्धा नको.

भंगारवाला बरोबरच आला होता. मशिनी त्याने पाच मिनिटांत पाहिल्या आणि मागच्या अंगणातल्या ट्रान्सफॉर्मरपाशी जाऊन थांबला. २५० केव्हीए. अण्णांनी तो गिरणी संपानंतर एका बंद पडलेल्या गिरणीच्या सामानातून सेकंडहँड घेतला होता. भंगारवाल्याने बाजूचा फिनवाला भाग ठोकून पाहिला. म्हणाला, "तेलासकट एक लाख दहा हजार. उद्याच उचलतो."

दादा खूश झाला. मी मात्र नेमप्लेटवरची धूळ पुसत होते. तसं खास कारण नव्हतं, अण्णांना ती पाटी चकचकीत ठेवायची सवय होती म्हणून. पाटीवर परदेशी कंपनी, वर्ष १९६३. घरी येऊन वर्ष आणि 'ट्रान्सफॉर्मर ऑइल' एवढं टाकून शोधलं. त्या रात्री मला पीसीबी हा शब्द पहिल्यांदा भेटला.

मी विम्याच्या ऑफिसात काम करते. रसायनशास्त्राशी संबंध बारावीत संपला. तेव्हा मला जसं समजलं तसंच सांगते. पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल्स. सहजी पेट घेत नाही, उष्णतेने बिघडत नाही, म्हणून काही दशकं ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये भरायचे. ज्या गुणामुळे भरायचे तोच त्याचा दोष. निसर्गात ते जवळजवळ मोडतच नाही. चरबीत विरघळतं, म्हणून गाळातून माशात आणि माशातून माणसात साठत जातं. जपानमध्ये १९६८ साली खाण्याच्या तेलात ते मिसळलं आणि शेकडो लोक आजारी पडले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं आहे.

आमच्या अंगणातलं गटार नाल्यात जातं, नाला ठाण्याच्या खाडीत. भांडुप पंपिंगला फ्लेमिंगो बघायला आम्ही लहानपणापासून जातोय. भंगारवाला तेलाचं काय करणार हे मी त्याला फोनवर विचारलं. "विकतो ना ताई, भट्टीवाले घेतात. खराब असलं तर सोडून देतो." कुठे सोडतो, हे मी विचारलं नाही.

दादाचं म्हणणं होतं, "अगं, कुणी विचारायला येणार नाहीये." आणि ते खरंच होतं. पुढच्या दहा महिन्यांत मला कुणीही आपण होऊन काहीही विचारायला आलं नाही.

कायदा शोधताना मी जिथे भरकटले

हे आधी सांगते, कारण यात माझे चार दिवस गेले. 'चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषके' असं शोधलं की २०१८ चे नियम वर येतात. त्यांत सात रसायनांवर बंदी आहे. मी ते ओळ न् ओळ वाचले आणि पीसीबी कुठेच नाही म्हणून चक्क सुटकेचा श्वास टाकला. चूक. पीसीबीचा आदेश वेगळा आहे, त्याच्या दोन वर्षं आधीचा, एप्रिल २०१६ चा. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने काढलेला. त्यानुसार पीसीबीचं उत्पादन आणि आयात तेव्हाच बंद झाली, आणि कुठल्याही स्वरूपातला वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवायचा होता. ज्याच्याकडे असा माल आहे त्याने त्याची नोंद ठेवून राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायची.

ही तारीख हवेतून आलेली नाही. स्टॉकहोम करार २००१ साली झाला, २००४ पासून अमलात आला, भारताने २००६ च्या जानेवारीत त्याला मान्यता दिली. पहिल्या बारा रसायनांत पीसीबी होतंच. करारात उपकरणांतला वापर संपवायला २०२५ आणि कचऱ्याची नीट विल्हेवाट लावायला २०२८ अशी मुदत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम. प्रत्यक्ष सगळं काम याच नियमांखाली होतं. फॉर्म, मॅनिफेस्ट म्हणजे मालाबरोबर जाणारा नोंदीचा कागद, वाहतूक, सगळं. तुमच्यावर वेळ आली तर वाचायला इथूनच सुरुवात करा.

शिक्षेचंही पाहिलं. पूर्वी पर्यावरण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून ती जाऊन दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. दादाला मी फक्त पंधरा लाखांचा आकडा सांगितला. दहा हजारांचा सांगितला असता तर ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या दिवशी कुर्ल्यात असता.

नमुना

१७ फेब्रुवारीपासून लॅबना फोन. पहिल्या लॅबमधल्या मुलीने विचारलं, "पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड ना मॅडम?" दुसऱ्या ठिकाणी त्यांना वाटलं मी प्रदूषण मंडळाकडून, म्हणजे एमपीसीबीकडून बोलतेय, आणि ते एकदम सर सर करू लागले. तिसऱ्या लॅबला कळलं. फोन करताना "ट्रान्सफॉर्मर ऑइलमधलं पीसीबी, गॅस क्रोमॅटोग्राफीवर" असं पूर्ण वाक्य बोला आणि या चाचणीसाठी एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का ते विचारा. मान्यता लॅबला असते तशी प्रत्येक चाचणीलाही वेगळी असते.

२२ तारखेला नमुना घ्यायचा होता. अण्णांकडे तीस वर्षं काम केलेले फिटरकाका कांजूरहून आले. त्यांनी आधी स्वतःची परीक्षा केली. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन तेलाचा थेंब टाकला. थेंब वर तरंगला. "बघ, साधं तेल आहे. ते विषारी असतं तर खाली बसलं असतं." अर्धं बरोबर होतं. शुद्ध पीसीबी पाण्याहून जड असतं, तळाला जातं. पण साध्या खनिज तेलात थोडं पीसीबी मिसळलं असेल तर थेंब तरंगतोच. आणि मिसळतं कसं, तर दुरुस्तीवाले एकाच फिल्टर मशीनमधून सगळ्यांची तेलं फिरवायचे. म्हणून पाटीवर काही लिहिलेलं नाही एवढ्यावर विसंबू नका.

नमुना खालच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून घ्यायचा, काचेच्या बाटलीत, प्लॅस्टिकच्या नाही. पहिलं अर्धा लिटर वेगळ्या डब्यात काढायचं, तो डबा फेकायचा नाही. हातात नायट्राइलचे मोजे. मोजे मी काकांनाही दिले. ते हसले. म्हणाले, "आयुष्यभर याने हात धुतले, आता मोजे?"

मग म्हणाले, "साहेब तर गुडघ्याला लावायचे."

मला माहीत होतं. मला माहीत होतं आणि तीन आठवडे मी ते आठवायचं टाळत होते. हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत ते तेल आमच्या घरी, मुलुंडला, बाथरूमच्या फळीवर असायचं. रविवारी आंघोळीआधी अण्णा स्टुलावर बसायचे, पायजमा वर करायचे आणि मी त्यांच्या गुडघ्यांना ते चोळायचे. आठवीत असेन. हात नंतर साबणाने धुतले तरी बुळबुळीत राहायचे. भांडुपला निम्म्या कारखानदारांचं गुडघेदुखीवर हेच औषध होतं.

बाटली अजून होती. तळाशी दोन बोटं तेल. त्यातलंही थोडं लॅबला दिलं.

मागची खोली

त्याच दिवशी एक गोष्ट घडली, आणि माझ्या दृष्टीने हा लेख लिहायचं खरं कारण तेच. काका म्हणाले, ट्रान्सफॉर्मर बघतेस तर मागचे कपॅसिटरही बघ. मला कपॅसिटर आहेत हेच ठाऊक नव्हतं. पॅनेलच्या मागे, जिथे कुणी जात नाही, तिथे पत्र्याचे सहा डबे ओळीने उभे होते. विजेच्या बिलात पॉवर फॅक्टरचा दंड लागू नये म्हणून बसवलेले. तेही त्याच गिरणीतून आलेले. दोन डब्यांचे सांधे फुटून खाली घट्ट, मधासारखं काहीतरी ओघळलं होतं आणि त्यात एक पाल चिकटून वाळली होती.

डब्यावरची पाटी टॉर्चने वाचली. इन्सुलेटिंग लिक्विडच्या पुढे इंग्रजीत 'ॲस्कारेल, नॉन-फ्लेमेबल'. ॲस्कारेल हे पीसीबीच्या तेलांचं सर्वसाधारण नाव आहे. म्हणजे सगळ्यांचं लक्ष ट्रान्सफॉर्मरवर, आणि खरा माल इथे. कपॅसिटर सीलबंद असतात, नमुन्यासाठी फोडायचे नाहीत. पाटीचा फोटो हाच पुरावा धरतात. मी फक्त डागाखालची खरवडलेली जमीन तिसरा नमुना म्हणून दिली.

तीन नमुन्यांचे प्रत्येकी साडेपाच हजार, जीएसटी धरून १९,४७० रुपये. रिपोर्ट आला १३ मार्चला, होळीच्या दिवशी. खाली सोसायटीत होळी रचत होते आणि मी जिन्यात उभी राहून मोबाइलवर पीडीएफ मोठी करून बघत होते. ट्रान्सफॉर्मर: ११ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत अकरा भाग. जमीन: आकडा इतका मोठा की मी शून्यं दोनदा मोजली. बाटली: ९ पीपीएम.

५० पीपीएमच्या वर असेल तर पीसीबीचा माल, ही सर्वसाधारण रेषा. म्हणजे ट्रान्सफॉर्मर सुटला. मी फॅमिली डॉक्टरांना ९ चा आकडा दाखवला. ते म्हणाले, अण्णांचं जे झालं ते ऐंशीव्या वर्षी हृदयाने झालं, त्याचा संबंध याच्याशी जोडू नकोस, आणि तुझ्यासाठी आज करण्यासारखं काही नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

शीव

२४ मार्चला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात गेले. शीव सर्कलजवळ, कल्पतरू पॉइंट. सोबत कारखान्याचं जुनं संमतिपत्र, अण्णांचा मृत्यूचा दाखला, आईचं आणि दादाचं मला दिलेलं अधिकारपत्र, लॅबचे रिपोर्ट, पाट्यांचे फोटो, आणि मी स्वतः तयार केलेली यादी: वस्तू, संख्या, अंदाजे वजन, कुठे ठेवली आहे, गळती आहे की नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर घ्या. पुढे प्रत्येक पत्रात तो नंबर लागतो. यादी घेणाऱ्या अधिकाऱ्याने कागद शांतपणे वाचले आणि म्हणाले, बंद कारखान्याचं कुणी आपण होऊन आणून देत नाही. त्यांनीच सांगितलं की संमतिपत्राची मुदत संपली आहे, तेव्हा साठवणूक आणि विल्हेवाटीपुरतं मंडळाचं अधिकारपत्र लागेल, अर्ज ऑनलाइन करा.

अर्ज मी ४ एप्रिलला स्वतः भरला आणि वर्गवारी चुकवली. पीसीबीच्या ऐवजी साधं वापरलेलं तेल निवडलं, कारण यादीत ते आधी येतं. अर्ज २९ एप्रिलला परत आला. तेव्हा कन्सल्टंट घेतला, ३५ हजार रुपये. तुमचा कारखाना चालू असेल तर तुमच्याकडे तो असेलच. माझ्यासारख्या वारसाने पहिल्याच दिवशी घ्यावा, मी महिना वाया घालवला. ६ मेला अर्ज पुन्हा गेला.

मग पाऊस. दर वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्याचा हिशेब असतो, तसा मी धरला होता. अधिकारपत्र आलं की डबे भरू, घाई नाही. २३ मेपासून आभाळ भरून यायला लागलं. मागच्या खोलीचं छप्पर दोन ठिकाणी गळतं. रविवारी, २५ तारखेला, कन्सल्टंटची दोन प्रशिक्षित माणसं, पांढरे सूट, मास्क, आणि दोनशे लिटरचे लोखंडी ड्रम. सहाही डबे उभेच उचलले, प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, मग ड्रममध्ये, भोवती शोषक भुसा. डाग पडलेलं काँक्रीट छिन्नीने बोटभर खरवडलं, तेही ड्रममध्ये. मोजे, सूट, झाडू, सगळं आत. झाकणावर घातक कचऱ्याचं लेबल. ड्रम लोखंडी ट्रेमध्ये, पुढच्या कोरड्या खोलीत. दुसऱ्या दिवशी, २६ मेला, मान्सून मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर कधी आल्याची नोंद नव्हती म्हणे. मी ऑफिसच्या खिडकीतून पाणी बघत होते आणि मला फक्त मागच्या खोलीतलं छप्पर दिसत होतं.

तेलाचं तुलनेने लवकर मिटलं, पण त्यातही एक गाठ होती. ११ पीपीएम म्हणजे पीसीबीचा माल नाही. मग वापरलेलं तेल म्हणून पुनर्प्रक्रियेला द्यावं, तर तिथल्या निकषात पीसीबी २ पीपीएमच्या खाली हवं. इकडचंही नाही, तिकडचंही नाही. शेवटी ३१० किलो तेल जून महिन्यात घातक कचऱ्याच्या सामूहिक केंद्रात जाळायला गेलं, किलोला ३८ रुपये आणि वाहतुकीचे नऊ हजार. रिकामा ट्रान्सफॉर्मर नोंदणीकृत रिसायकलरने ७४ हजारांना नेला. भंगारवाल्याने पुन्हा फोन केला नाही.

दोन राज्यं, सात प्रती

कपॅसिटर घेऊ शकणारं केंद्र राज्याबाहेर निघालं. घातक कचरा विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडचं जुलैत मिळालं. पलीकडचं यायचं होतं आणि इकडे ९० दिवस संपत आले होते. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मात्र विल्हेवाटीची सोय राज्यात नसेल तर मंडळ मुदत वाढवू शकतं, ते मागावं लागतं. ४ ऑगस्टला मागितलं, मिळालं. मुदत संपायच्या आत मागा, नंतर नाही.

गणपती गेले, दिवाळी आली. जागा घेणाऱ्याने दोनदा मुदत दिली, तिसऱ्यांदा दादाला काहीबाही बोलला. दादा मला बोलला. मी कन्सल्टंटला बोलले. लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात दुसरं ना हरकत हातात आलं.

ट्रक १४ नोव्हेंबरला आला. मॅनिफेस्टच्या सात रंगांच्या प्रती असतात, आणि रंग पाठ केलेले बरे. पांढरी आपण आपल्या मंडळाला पाठवायची. पिवळी ट्रकवाल्याची सही घेऊन आपल्याजवळ ठेवायची. बाकीच्या पाच ट्रकबरोबर जातात, त्यांतली निळी केंद्राकडून आपल्याला परत येते. निळी येईपर्यंत माल पोहोचला असं समजायचं नाही. वजनकाट्यावर मी स्वतः गेले. फिटरकाकाही आले होते, नको म्हटलं तरी.

ड्रम सील करायच्या आधी मी पिशवीतून हॉर्लिक्सची बाटली काढली. कन्सल्टंटचा माणूस म्हणाला, ९ पीपीएमला याची गरज नाही. काकांनी माझ्या हातातून ती घेतली, झाकण घट्ट आहे का पाहिलं आणि भुशात उभी ठेवली. २१५ किलो. किलोला १६५ रुपये, वाहतूक ६२ हजार. सगळं मिळून, लॅबपासून ड्रमपर्यंत जीएसटीसकट, जवळजवळ दोन लाख गेले; ट्रान्सफॉर्मरचे ७४ हजार त्यातून वजा.

निळी प्रत ९ डिसेंबरला कुरियरने आली. मिळालेलं वजन २१४.८ किलो. दोनशे ग्रॅम कुठे गेले म्हणून मी कन्सल्टंटला फोन केला, तर तो हसायला लागला, काट्याकाट्याचा फरक असतो म्हणाला. प्रतीची झेरॉक्स मंडळात दिली, मूळ फाइलमध्ये ठेवली. आता फॉर्म ४, वार्षिक विवरण, ३० जूनच्या आत भरायचं आहे, कारखाना नसला तरी. मोबाइलमध्ये गजर लावला आहे.

आईने परवा बाथरूमची फळी पुसताना विचारलं, "यांची औषधाची बाटली कुठे गेली गं?" तिला मी मॅनिफेस्ट दाखवला.